मूत्रपिंडावरच्या दोन ग्रंथी: काय करतात, झोपतात कशा, जाग्या कधी होतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे. संधिवातासाठी तीन वर्षं रोज प्रेडनिसोलोन १० मिग्रॅची गोळी चालू होती. सुरुवातीला डॉक्टरांनी लिहून दिलेली, पुढे जुन्याच चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून आणलेली. शुगर वाढली म्हणून घरच्यांनी गोळी एकदम बंद केली. दोन आठवड्यांत भूक गेली, उलट्या सुरू झाल्या, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी ८०/५०, सोडियम १२२ म्हणजे बरंच खाली, पोटॅशियम मात्र नॉर्मल. "ॲड्रिनल ग्रंथी झोपल्यात" असं सांगून स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि काही तासांत माणूस बोलायला लागला. आता विचारलंय ते असं: या ग्रंथी नेमकं करतात काय, झोपतात कशा, परत उठतील का, आणि पोटॅशियम नॉर्मल असताना दोष यांचाच कसा?

घरात सगळ्यात जास्त काळजी ज्याची असणार ते आधी सांगतो. बहुतेकांच्या ग्रंथी परत उठतात. पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त, आणि तोवर गोळी एक दिवसही चुकवायची नाही. बाकीचं सगळं याच एका वाक्याचं कारण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पुस्तकी मराठीत यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक. उजवी त्रिकोणी टोपीसारखी, डावी चंद्रकोरीसारखी. एकीचं वजन चार ते पाच ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून जेमतेम दहा. मधोमध कापली तर बाहेरची जाड साल पिवळीधमक दिसते आणि आतला गर तांबूस करडा. पिवळेपणा कोलेस्टेरॉलचा आहे, कारण सालीतली सगळी संप्रेरकं (हार्मोन) कोलेस्टेरॉलपासूनच बनतात. साल आणि गर हे खरं तर दोन वेगळे अवयव आहेत. गर्भात साल एका थरातून तयार होते; गर मज्जातंतूंच्या कुळातला, तो बाहेरून चालत येऊन सालीच्या पोटात शिरतो. साल बनवते ती स्टिरॉइड हार्मोन. गर बनवतो ॲड्रेनलिन आणि थोडं नॉरॲड्रेनलिन.

सालीचे तीन थर आहेत. बाहेरून आत जाताना मीठ, साखर, केस असा क्रम लक्षात ठेवला की विसरायला होत नाही. बाहेरचा थर आल्डोस्टेरॉन बनवतो, ते शरीरातलं मीठ सांभाळतं. मधला, सगळ्यात जाड थर कॉर्टिसॉल बनवतो. साखर सांभाळणं हे त्याच्या अनेक कामांतलं एक. सगळ्यात आतला थर डीएचईए आणि त्याच्या जातीची सौम्य पुरुषी संप्रेरकं बनवतो. मुलामुलींना सहा-आठ वर्षांनंतर घामाला मोठ्यांसारखा वास येऊ लागतो, पुढे काखेत आणि जांघेत केस येतात, त्यात या थराचा हात असतो. पुरुषांत वृषणापुढे त्याचं महत्त्व फारसं नाही. बायकांत आहे, पण जिवाशी गाठ नाही. जिवाशी गाठ पहिल्या दोघांची.

कॉर्टिसॉलपाशी जास्त थांबायला हवं, कारण तुमच्या वडिलांची गोष्ट त्याचीच आहे आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच जास्त. हल्ली त्याला 'स्ट्रेस हार्मोन' म्हणून खलनायक केलंय. कॉर्टिसॉल कमी करा, कॉर्टिसॉल बाहेर टाका, असले सल्ले रोज मोबाइलवर येतात. ज्या माणसाचं कॉर्टिसॉल खरंच शून्यावर जातं तो साध्या जुलाबाने दगावू शकतो. निरोगी शरीर दिवसाला साधारण १० मिग्रॅ कॉर्टिसॉल बनवतं, आणि तेही घड्याळ लावून. पहाटे तीन-चारच्या सुमारास ते वाढायला लागतं, जाग येते तेव्हा सर्वांत वर असतं, दुपारी निम्म्यावर येतं आणि मध्यरात्री जवळजवळ तळाला. म्हणूनच दुपारी चारला काढलेल्या कॉर्टिसॉलच्या रिपोर्टवरून सहसा काहीच ठरवता येत नाही.

ते करतं काय? उपाशीपोटी यकृताकडून साखर बनवून घेतं. सूज आणणाऱ्या पेशींना लगाम घालतं, म्हणून तर संधिवातात, दम्यात त्याचीच नक्कल असलेल्या गोळ्या देतात. मूत्रपिंडाला जादाचं पाणी बाहेर टाकायला मदत करतं. आणि ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते सगळ्यात महत्त्वाचं काम: रक्तवाहिन्यांना ॲड्रेनलिनचं ऐकायला लावतं. कॉर्टिसॉल नसेल तर ॲड्रेनलिन कितीही असो, वाहिन्या आवळत नाहीत आणि बीपी उभं राहत नाही. अशा रुग्णाला बाटल्यांवर बाटल्या सलाईन चढवलं तरी बीपी ८०च्या आसपास घुटमळतं आणि १०० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे औषध म्हणून मिळणारं कॉर्टिसॉलच) गेलं की हळूहळू वर येऊ लागतं. वडिलांच्या बाबतीत तुम्ही पाहिलंत ते हेच.

आता झोपतात कशा ते. घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. आत तरंगणारा फ्लोटचा गोळा असतो. पाणी कमी झालं की गोळा खाली जातो, नळ उघडतो. टाकी भरली की गोळा वर येतो, नळ बंद. इथे गोळ्याचं काम मेंदूतला हायपोथॅलॅमस आणि त्याखालची पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी करतात. रक्तात कॉर्टिसॉल कमी झालं की पियुषिका एसीटीएच नावाचा निरोप पाठवते आणि ॲड्रिनलचा मधला थर कामाला लागतो. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की निरोप थांबतो. प्रेडनिसोलोन म्हणजे बाहेरून टँकर आणून टाकी काठोकाठ भरणं. ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोनची ताकद २० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोनएवढी धरतात, म्हणजे रोजचे १० मिग्रॅ हे ४० मिग्रॅच्या बरोबरीचे. शरीराच्या गरजेच्या दुपटीपेक्षा जास्त. फ्लोट तीन वर्षं वरच राहिला. निरोप येत नाही म्हटल्यावर मधला थर आणि आतला थर वाळून पातळ झाले, आणि निरोप पाठवणाऱ्या पेशीही सुस्तावल्या. मग एक दिवस टँकर बंद. टाकी रिकामी, नळ गंजलेला.

पोटॅशियम नॉर्मल का, याचं उत्तर याच्याच पोटात आहे. आल्डोस्टेरॉनचा बाहेरचा थर मुख्यतः पियुषिकेच्या हुकमावर चालतच नाही. त्याचा मालक मूत्रपिंड: रक्तदाब किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड रेनिन सोडतं, रेनिनमुळे अँजिओटेन्सिन बनतं, आणि ते आल्डोस्टेरॉनला जागं करतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तरी तो थर जागा होतो. गोळ्यांमुळे हा थर झोपत नाही, म्हणून पोटॅशियम लघवीतून व्यवस्थित बाहेर पडत राहतं. मग सोडियम १२२ कशामुळे? मीठ कमी पडल्यामुळे नव्हे. कॉर्टिसॉल नसल्यामुळे शरीर पाणी धरून ठेवतं आणि त्या पाण्यात सोडियम पातळ होतं. पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून 'ॲड्रिनल नसावं' असं समजणं ही नेहमी होणारी चूक आहे. त्यात आणखी एक धोका: कॉर्टिसॉल मिळाल्याबरोबर मूत्रपिंड तुंबलेलं पाणी भराभर सोडतं आणि सोडियम झपाट्याने चढतं. २४ तासांत ८ ते १०च्या वर चढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून अशा रुग्णाचं सोडियम पहिल्या दिवशी दर चार-सहा तासांनी बघावं लागतं.

ग्रंथी स्वतःच नष्ट झाली तर चित्र वेगळं असतं. १८५५ साली लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी त्याचं पहिलं नीट वर्णन केलं, म्हणून तो ॲडिसनचा आजार. तिथे तिन्ही थर जातात. कॉर्टिसॉल नाही, आल्डोस्टेरॉनही नाही: सोडियम खाली, पोटॅशियम वर, वजन घटलेलं, मिठाची अनावर ओढ. लोणच्याचा खार नुसता चाटणारा, ताटात परत परत मीठ मागणारा अशक्त माणूस दिसला तर हा विचार मनात यायला हवा. कॉर्टिसॉल नाही म्हणून पियुषिका निरोपावर निरोप पाठवत राहते, आणि एसीटीएच ज्या मोठ्या रेणूतून कापून निघतं त्याच रेणूतून त्वचा काळी करणारं संप्रेरकही निघतं. त्यामुळे अंग काळवंडतं. आपल्या सावळ्या कातडीवर चेहरा बघून हे कळत नाही. 'उन्हाने रापलाय' म्हणून सोडून दिलं जातं. बघायचं ते दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ: तळहाताच्या रेघा, बोटांच्या सांध्यांवरच्या सुरकुत्या, हिरड्या, गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि अलीकडे झालेला एखादा व्रण. तळहात उजळ आणि रेघा मात्र शाई भरल्यासारख्या काळ्या, हिरड्यांवर निळसर काळे डाग पूर्वी नव्हते ते आता आलेत, असं असेल तर सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि एसीटीएच दोन्ही तपासावं. रुग्णाचा जुना फोटो शेजारी ठेवून बघितला तर फरक चटकन कळतो. तुमच्या वडिलांचं अंग काळवंडलं नाही, कारण त्यांच्यात निरोपच बंद होता.

पाश्चात्त्य देशांत ॲडिसनचं मुख्य कारण स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटणं हे असतं. आपल्याकडे क्षयरोग अजून विसरता येत नाही, आणि हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशीही. दोन्हींत सीटी स्कॅनवर दोन्ही ग्रंथी सुजलेल्या दिसू शकतात. इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन यकृताला कॉर्टिसॉल भराभर जाळायला लावतं. ग्रंथी आधीच जेमतेम चालत असेल, तर टीबीची औषधं सुरू केल्यावर काही दिवसांत रुग्ण बरा व्हायच्या ऐवजी कोसळतो. उलट्या, चक्कर, बीपी खाली. आणि सगळे म्हणतात 'टीबीच्या गोळ्या सोसत नाहीत'. गोळ्या थांबवण्याआधी कॉर्टिसॉल बघा. जे आधीच हायड्रोकॉर्टिसोनवर आहेत त्यांचा डोस रिफॅम्पिसिन चालू असेपर्यंत बहुधा दुप्पट ते तिप्पट करावा लागतो. हीच काळजी वडिलांनाही लागू, पुढे कधी टीबीची औषधं घ्यायची वेळ आली तर.

आल्डोस्टेरॉन जास्त झालं तर काय होतं, हेही बीपीच्या प्रत्येक रुग्णाने वाचण्यासारखं आहे. १९५५ मध्ये जेरोम कॉन यांनी वर्णन केलेला हा आजार: ग्रंथीत छोटीशी गाठ किंवा दोन्ही बाजूंची वाढ, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम वाहून जातं, बीपी चढतं. बीपीच्या दर शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना हे असतं, आणि तीन गोळ्या घेऊनही ज्यांचं बीपी उतरत नाही त्यांच्यात जवळपास पाचातल्या एकाला. निम्म्याहून अधिक जणांत पोटॅशियम नॉर्मल असतं, म्हणून केवळ त्यावर भरवसा ठेवता येत नाही. आल्डोस्टेरॉन आणि रेनिन एकत्र तपासून त्यांचं गुणोत्तर बघतात. तपासणीआधी पोटॅशियम भरून काढायचं आणि स्पायरोनोलॅक्टोन (आल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण चार आठवडे थांबवायचं, नाहीतर आकडे फसवतात. दोष एकाच ग्रंथीत निघाला तर दुर्बिणीतून ती काढता येते. दोन्हींत असेल तर गोळ्या.

याच संदर्भात ज्येष्ठमध. कॉर्टिसॉल हे पेशीतल्या आल्डोस्टेरॉनच्या कुलपातही किल्लीसारखं बसतं, आणि रक्तात ते आल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असतं. तरी मूत्रपिंडात गोंधळ होत नाही, कारण तिथल्या पेशींत एक विकर (एन्झाइम) पहाऱ्यावर असतं. ते कॉर्टिसॉलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिक ॲसिड त्या पहारेकऱ्यालाच झोपवतं. घसा बसला म्हणून दोन दिवस कांडी चघळली तर काही बिघडत नाही. पण महिनोन् महिने रोज काढा किंवा चूर्ण घेणाऱ्याचं बीपी चढलं, पाय सुजले, स्नायू लुळे पडले आणि पोटॅशियम तळाला गेलं, तर आधी ज्येष्ठमधाबद्दल विचारा. आल्डोस्टेरॉनचा रिपोर्ट अशा वेळी कमीच येतो.

आतल्या गराकडे वळू. कॉर्टिसॉलने भरलेलं रक्त सालीतून थेट गरातून वाहतं, आणि ते मिळतं म्हणूनच गरातलं विकर नॉरॲड्रेनलिनचं ॲड्रेनलिन करू शकतं. दोन वेगळ्या कुळांचे अवयव एका पिशवीत राहतात त्याचा हा फायदा. ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं ते १९०१ च्या सुमारास जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी. संप्रेरक म्हणावं असं वेगळं काढलेलं हे पहिलंच रसायन. रक्तात ते दोन-तीन मिनिटंच टिकतं, पण तेवढ्यात छाती धडधडते, शुगर चढते, श्वासनलिका रुंदावतात.

ॲड्रेनलिनचा पूर आला तर काय होतं हे कोकणातल्या डॉक्टरांना वेगळं सांगायला नको. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंच्या टोकांना आणि या गराला असं पिळतं की घामाच्या धारा, बर्फासारखे हातपाय, उलट्या, चढलेलं बीपी आणि मग फुप्फुसांत पाणी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी वापरून दाखवली. विषामुळे सुटलेल्या नॉरॲड्रेनलिनला रक्तवाहिन्यांवर बसायला जागाच राहत नाही, असं ती करते. पूर्वी विंचूदंशाने मुलं डोळ्यांदेखत जायची, ती वाचायला लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका ग्रंथीचं शरीरशास्त्र नीट समजून घेतलं की काही रुपयांच्या गोळीने काय साधतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हाच पूर गाठीमुळेही येतो. फिओक्रोमोसायटोमा म्हणतात तिला. झटक्याने येणारी डोकेदुखी, घाम आणि धडधड, सोबत बीपी २०० च्या पुढे, आणि अर्ध्या तासात सगळं शांत. रक्तातलं किंवा २४ तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन (ॲड्रेनलिन मोडून होणारं रसायन) तपासतात. रक्त काढायच्या आधी रुग्णाला २०-३० मिनिटं शांत झोपवून ठेवतात, नाहीतर खोटी भीती निर्माण होते. ऑपरेशनच्या दहा-चौदा दिवस आधी अल्फा-ब्लॉकर (प्राझोसिनच्या जातीची, वाहिन्या आवळू न देणारी गोळी), सोबत भरपूर मीठ-पाणी, आणि त्यानंतरच गरज पडली तर बीटा-ब्लॉकर (धडधड कमी करणारी गोळी). क्रम उलटा केला तर वाहिन्या रुंद ठेवणारा मार्ग बंद होतो, आवळणारा उघडा राहतो आणि बीपी भडकतं.

एक तुलना इथेच करून टाकतो, कारण तिच्यावाचून जीव जातात. शेंगदाणा, कोळंबी, मधमाशी किंवा इंजेक्शनची तीव्र ॲलर्जी होऊन बीपी कोसळलं, श्वास अडकला, तर पहिलं औषध ॲड्रेनलिन: प्रौढाला १:१००० ताकदीचं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर पुन्हा. हायड्रोकॉर्टिसोन याच ग्रंथीचं, पण ते पेशीच्या केंद्रात जाऊन जनुकांमार्फत काम करतं, त्याला तास लागतात. नुसतं ॲलर्जीचं आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन वाट बघणं हे चुकीचं आहे.

कॉर्टिसॉल जास्त झाल्यावर होतो तो कुशिंग सिंड्रोम. पियुषिकेत किंवा ॲड्रिनलमध्ये गाठ असू शकते, पण सर्वांत नेहमीचं कारण बाहेरून घेतलेलं स्टिरॉइड हेच. चेहरा गोल, पोट सुटलेलं पण हातपाय काटकुळे, पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे, जरा धक्का लागला की काळंनिळं. मांड्यांच्या स्नायूंची ताकद जाते, म्हणून उकिडवं बसलेल्या माणसाला हात न टेकता उठता येतं का बघावं. भारतीय संडासातून उठताना भिंतीला धरावं लागतं ही तक्रार महत्त्वाची. संशय आला तर रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन (एक जोरकस स्टिरॉइड) १ मिग्रॅ देऊन सकाळी आठला कॉर्टिसॉल बघतात, ते १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली यायला हवं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा आकडा खोटा वाढलेला दिसतो, त्या सहा आठवडे आधी थांबवाव्या लागतात.

स्टिरॉइड म्हणजे फक्त 'स्टिरॉइड' असं लिहिलेली गोळी नव्हे. सांधेदुखीवरची बिनलेबलची पूड, दोन दिवसांत आराम देणारं कसलं तरी चूर्ण, गोरं होण्यासाठी महिनोन् महिने चोळलेलं क्लोबेटासोलचं क्रीम, गुडघ्यात वारंवार घेतलेलं इंजेक्शन, दम्याच्या पंपाचा मोठा डोस. सगळ्यांनी ग्रंथी झोपू शकते. पंप मात्र स्वतःहून बंद करू नका, त्याचा तोटा जास्त. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत गरजेपेक्षा जास्त आणि जास्त दिवस दिलेलं स्टिरॉइड, त्यात चढलेली शुगर, यातून काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती डोळे आणि जबडे गेले ते सगळ्यांनी पाहिलं. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णासाठी सिद्ध झालेला डोस होता डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त दहा दिवस. तरीही या औषधाला शिव्या देऊन उपयोग नाही. १९४८ मध्ये संधिवातासाठी कॉर्टिसोन पहिल्यांदा दिलं ते सांधे जखडलेल्या एका बाईला, आणि ती काही दिवसांत चालू लागली. केंडाल, राइखस्टाइन आणि हेंच यांना १९५० चं नोबेल त्या कामासाठी मिळालं. एकदम बंद केल्यावर काय होतं हेही वैद्यकाला पन्नासच्या दशकातच कळून चुकलं.

नवजात बाळांबद्दल थोडक्यात. जन्मतःच एक विकर नसेल तर कॉर्टिसॉल बनत नाही आणि कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुलीचं जननेंद्रिय वेगळं दिसतं म्हणून लवकर कळतं. मुलगा वरून अगदी नॉर्मल दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, सुकवण, मलूलपणा घेऊन येतो. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त दिसलं की ते साधे जुलाब नव्हेत. जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास टाचेतून थेंबभर रक्त घेऊन हे आधीच ओळखता येतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती तपासणी मागून करून घ्यावी लागते.

आणि 'ॲड्रिनल फटीग': थकवा आला म्हणजे ग्रंथी दमल्या, असं सांगून गोळ्या विकतात. असा आजार नाही. ग्रंथी ताणाने दमत नाही. थकव्याला हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, शुगर, झोप आणि मन यांची आधी विचारपूस करा.

आता वडिलांसाठी पुढचे महिने. सध्या प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ सकाळी नाश्त्यानंतर एकदाच चालू असेल असं धरतो. रात्री घेतली तर झोप उडते, आणि पहाटेच्या निरोपाला उठायची संधीच मिळत नाही. ५च्या खाली मात्र घाई नको: दर चार आठवड्यांनी रोजच्या डोसमधून १ मिग्रॅ कमी. आपल्याकडे १ मिग्रॅच्या गोळ्या सगळीकडे मिळत नाहीत, म्हणून काही डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोनवर आणतात: सकाळी १०, दुपारी ५ मिग्रॅ, मग तेही हळूहळू कमी. ग्रंथी जागी झाली का हे बघायला आदल्या दिवसाची सकाळची गोळी घ्यायची, त्यानंतर काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊला रक्त देऊन मगच गोळी घ्यायची. प्रेडनिसोलोन रक्तात असेल तर यंत्र त्यालाच कॉर्टिसॉल समजू शकतं. आकडा १० मायक्रोग्रॅमच्या वर आला तर ग्रंथी बहुधा उठली, गोळी थांबवता येते. ५च्या खाली असेल तर तीच गोळी चालू, काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. मधला असेल तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ग्रंथीला हलवून बघतात. डोस कमी करताना अंग मोडून येतं, सांधे कुरकुरतात. ते प्रत्येक वेळी संधिवात उलटल्याचं लक्षण नसतं. सूज आहे का, सकाळचा ताठरपणा तासाच्या वर टिकतो का, हे डॉक्टरांना दाखवा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटसारखं दुसरं औषध व्यवस्थित बसवलं नाही तर स्टिरॉइड सुटणारच नाही, हेही त्यांच्याशी बोला. शुगरसाठी औषध वाढवा. गोळी तोडू नका.

आजारपणाचा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. निरोगी शरीर तापात कॉर्टिसॉल कितीतरी पट वाढवतं, वडिलांचं वाढवू शकत नाही. १०० च्या वर ताप, दाढ काढणं, जोराचे जुलाब अशा वेळी ५ ऐवजी सकाळी ५ आणि संध्याकाळी ५ मिग्रॅ, बरं वाटेपर्यंत, सहसा दोन-तीन दिवस. मग परत नेहमीचा डोस. गोळी घेऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा एकदा गोळी. तीही टिकली नाही तर तोंडावाटे प्रयत्न संपले: हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅचं इंजेक्शन आणि दवाखाना. मोठ्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना सांगितलं की ते टेबलावरच १०० मिग्रॅ देतात. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही.

हायड्रोकॉर्टिसोनची कुपी घरात ठेवा, विशेषतः दवाखाना तासाभराच्या अंतरावर असेल तर. आत पांढरी पूड असते. २ मिली निर्जंतुक पाणी सोडायचं, हातात फिरवून पूर्ण विरघळू द्यायचं, सिरिंजमध्ये ओढायचं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबर आणि गुडघा यांच्या मधोमध, सरळ आत. एकदा नर्सकडून समोर करून घ्या, म्हणजे वेळेला हात थरथरत नाही. अनावश्यक दिलं गेलं तरी एका डोसने नुकसान होत नाही. वेळेवर न दिल्याने होतं. त्यानंतरही दवाखान्यात जायचंच. तिथे सहसा पहिल्या तासात एक लिटर सलाईन आणि पुढच्या २४ तासांत २०० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन देतात. वडिलांचं सोडियम याआधी १२२ पर्यंत गेलं होतं हे तिथल्या डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते जपून भरतील.

शेवटी एक चिठ्ठी. वडिलांच्या शर्टाच्या खिशात किंवा मोबाइलच्या कव्हरमागे, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, मोठ्या अक्षरांत: "मी रोज स्टिरॉइड घेतो. माझ्या ॲड्रिनल ग्रंथी काम करत नाहीत. बेशुद्ध, अपघात, सतत उलट्या किंवा ऑपरेशन असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून किंवा स्नायूत ताबडतोब द्या." खाली घरच्या दोघांचे फोन नंबर आणि चालू डोस. डोस बदलला की त्याच दिवशी चिठ्ठी बदला.